काट्याला सांगितलेली काळजी

मित्रांनो, माझ्या तबकडीवर एकशे चाळीसपर्यंत आकडे छापलेले आहेत, पण त्यातले शेवटचे चाळीस माझ्या काट्याने उभ्या आयुष्यात पाहिले नाहीत. मी एका मोटरसायकलचा जुना वेगदर्शक. लोक मला नुसतं मीटर म्हणतात. आता मी गॅरेजमधल्या एका पत्र्याच्या डब्यात असतो, वॉशर, तुटक्या किल्ल्या आणि आरशाची एक दांडी यांच्या सोबतीला. तुम्ही सायकलीत हवा भरायला येता, मला उचलता, काच फ्रॉकला किंवा बाहीला पुसता आणि विचारता, "ही गाडी एकशे चाळीसने पळायची?" गॅरेजवाले मेकॅनिक हसून सांगतात, "आकडे छापायला शाई लागते, बाळांनो. पळायला इंजिन लागतं." ते खरंच आहे. पण माझी गोष्ट तेवढीच नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. माझ्या पोटात एक लहानसं लोहचुंबक आहे. पुढच्या चाकापासून निघालेली तार त्याला फिरवते. त्या चुंबकावर ॲल्युमिनियमची एक वाटी असते, तिला न शिवताच चुंबक तिला आपल्याबरोबर ओढू पाहतं, आणि केसासारखी बारीक एक कमान तिला मागे धरून ठेवते. या ओढाताणीत वाटी जेवढी वळते तेवढा माझा काटा वळतो. गाडी थांबली की कमान त्याला शून्यावर आणून ठेवते. इतकंच माझं यंत्र.

त्या टेबलाशी बसणाऱ्या बाईंनी माझी कमान बसवताना शेजारच्या नव्या मुलीला एक गोष्ट समजावली होती, ती मला अजून आठवते. वेगदर्शकाने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. थोडं जास्त दाखवलं तर चालतं, किंबहुना तसंच ठेवायचं. टायर झिजतं, हवा कमी-जास्त होते. मोजण्यात चूक झालीच तर ती माणसाच्या भल्याची व्हावी. म्हणून गाडी छप्पन्नने जात असली की मी साठ दाखवतो. आमच्यातल्या बहुतेकांना हे थोडं वाढवून सांगणं जन्मापासूनच येतं.

माझी मोटरसायकल एका नर्सबाईंना मिळाली. त्या दवाखान्याच्या फिरत्या नर्स होत्या. जिथे मोठी गाडी जात नसे, जिथून रुग्णाला हलवता येत नसे, तिथे त्या जात. सीटच्या मागे औषधांची पेटी, तिच्यावर पट्ट्याने आवळलेली चादर, अंगात फुल बाह्यांचं जाड जाकीट. आधी लोकांना नवल वाटलं. वर्षभरात माझ्या इंजिनाचा आवाज ऐकला की लोक दारं उघडायला लागले. म्हाताऱ्यांचे रक्तदाब, लहानांच्या सुया, जखमांच्या पट्ट्या हे रोजचं काम. पण त्यांचा जीव होता तो बाळंतपणात. "बाळ माझी वाट बघत नाही, मीच त्याची बघायला हवी," असं म्हणत त्या किक मारायच्या.

त्या मोठ्या हिशेबी होत्या. मी किती वाढवून सांगतो हे त्यांना माहीत होतं, कारण माझ्या काट्याखालीच किलोमीटर मोजणारी चाकं आहेत आणि मनगटावर त्यांचं घड्याळ होतं. साठावर काटा ठेवला तर वीस किलोमीटरला वीस नाही, साडेएकवीस मिनिटं लागतात, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात ओळखलं. मग त्या लोकांना वेळ सांगताना तेवढी मिनिटं धरूनच सांगायच्या. माझं खोटं असं उघड होतं आणि त्यामुळे ते कुणाला बाधत नव्हतं.

मनगटावरचं ते घड्याळ कधी एक मिनिटही चुकलं नाही, कारण त्यांचे यजमान घड्याळजी होते. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं अरुंद दुकान होतं, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला बाहेर जावं लागेल असं. माणूस अतिशय कमी बोलायचा. गिऱ्हाइकाने घड्याळ पुढे केलं की ते कानाशी धरायचे आणि डोळे मिटायचे, आणि तेवढ्यावरून दुखणं सांगायचे. बायकोची तब्येतसुद्धा ते तशीच ओळखायचे, तिच्या पावलांवरून. पण ओळखलेलं बोलून दाखवायचे नाहीत. नर्सबाई म्हणायच्या की आमच्या घरात चाळीस घड्याळं बोलतात आणि त्यांच्यात यांचा आवाज ऐकू येत नाही.

अशी आठ वर्षं गेली. नवव्या वर्षी एका सकाळी वळणावर खडी सांडलेली होती. पुढचं चाक घसरलं आणि आम्ही दोघंही आडवे झालो. माझी काच तडकली. नर्सबाईंच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. रस्त्यावरच्या लोकांनी त्यांना उचलून दवाखान्यात नेलं, आणि मेकॅनिकने मोटरसायकल हाताने ढकलत गॅरेजमध्ये आणली. दुपारी घड्याळजी तिथे आले. गाडीला काय झालं हे त्यांनी विचारलं नाही. फक्त माझ्या तडकलेल्या काचेवरून बोट फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, काच मी बसवतो, मीटर काढून द्या.

त्यांच्या टेबलावर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला माहेरी आल्यासारखं वाटलं. आजूबाजूला लहानमोठ्या घड्याळांची टिकटिक, आणि प्रत्येकाच्या पोटात माझ्यासारखीच एक बारीक कमान. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मला उघडलं, काचेचा चुरा ब्रशने झाडला, नवी काच बसवली. काम संपलं होतं. पण त्यांनी मला मिटलं नाही. ते बराच वेळ माझ्या कमानीकडे बघत बसले. घड्याळाची कमान किंचित सैल केली की घड्याळ मागे पडतं, हे त्यांच्या हाडामांसात होतं. माझी सैल केली तर काय होईल हे समजायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. काट्याला मागे ओढणारं कमी झालं तर काटा लवकर पुढे जाणार. गाडी हळू असतानाच मी वेग दाखवणार, आणि बायको ॲक्सिलरेटर सोडणार.

त्यांनी चिमटा उचलला. हात जराही कापला नाही. कमान केसभर सैल केली आणि मला बंद केलं.

दीड महिन्याने नर्सबाई पुन्हा गाडीवर बसल्या. त्यांना काही कळलं नाही. पडल्यानंतर माणूस जरा जपूनच चालवतं. दोन महिन्यांनी घड्याळजींनी काचेत धूळ गेली असं कारण काढून मला पुन्हा काढलं, आणि अजून थोडी कमान सोडली. पुढे तिसऱ्यांदा. दर वेळी इतकं थोडं की चटकन लक्षात येऊ नये. आता साठावर काटा असताना गाडी खरं तर पंचेचाळीसने चालायची.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. मला फक्त दाखवता येतं, आणि माझं दाखवणंच माझ्या हातातून काढून घेतलं होतं. नर्सबाईंना काहीतरी खटकत होतं, पण पहिल्या महिन्यातला हिशेब इतका पाठ होता की तो पुन्हा घड्याळाशी ताडून बघायचं त्यांच्या मनात आलं नाही. पूर्वी साठाला इंजिन गायचं, आता नुसतं गुणगुणतं, असं त्या मेकॅनिकला सांगायला गेल्या. त्याने कार्ब्युरेटर खोलला, प्लग बदलला, एक फेरी मारून आला आणि म्हणाला, गाडीला काहीही झालेलं नाही. परत येताना त्या स्वतःशीच हसल्या. "म्हणजे म्हातारी मीच झाले तर," त्या म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. त्या तेव्हा जेमतेम बेचाळीस वर्षांच्या होत्या.

मग तो दिवस आला. दुपारी दवाखान्यातला फोन वाजला. दगडाच्या खाणीपलीकडच्या वस्तीतून एका माणसाचा फोन होता. त्याच्या बायकोच्या कळा अचानक वाढल्या होत्या. शेजाऱ्यांचा टेम्पो दारात उभा होता. तिला त्यात घालून मोठ्या रुग्णालयात न्यावं की बाईंची वाट बघावी, एवढंच त्याला विचारायचं होतं. नर्सबाईंनी चार प्रश्न विचारले. टेम्पोच्या धक्क्यांत वाटेतच प्रसूती होईल, तिला हलवू नका, असं त्यांनी सांगितलं. अंतर वीस किलोमीटर. "बावीस मिनिटांत मी तुमच्या दारात असेन," त्या म्हणाल्या.

पूर्ण रस्ता त्यांनी माझा काटा साठावर धरला. खाणीचे ट्रक, उडणारी पांढरी धूळ, काही म्हणता काही त्यांना हटवू शकलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांना साठ, साठ, साठ असं सांगत होतो. आम्ही पोचलो तेव्हा तो माणूस रस्त्याच्या मधोमध उभा होता. सत्तावीस मिनिटं झाली होती.

आतलं मला दिसलं नाही. मी बाहेर तापलेल्या गाडीवर होतो. बाळ आधीच झालं होतं, एवढं मला माणसांच्या बोलण्यातून कळलं. नाळ गळ्याभोवती होती आणि ते रडत नव्हतं. तो माणूस माझ्याजवळ आला आणि आधार म्हणून त्याने हँडल धरलं. त्याची बोटं माझ्या काचेवर होती, थंडगार. किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. गाडी उभी असली की मला वेळ समजत नाही. मग आतून एक बारीक, रागावलेला आवाज आला. त्या माणसाने हँडल सोडलं आणि तो खालीच बसला.

मुलगी झाली होती. ती वाचली. आईही ठीक होती.

तासाभराने नर्सबाई बाहेर आल्या. हात धुतलेले, बाह्या ओल्या. लोक त्यांचे आभार मानत होते, आणि त्या मान हलवत होत्या, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे होतं. त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. किलोमीटरच्या चाकांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. किलोमीटर मोजणारी चाकं कमानीवर चालत नाहीत, ती कधीच खोटं बोलली नव्हती. वीस किलोमीटर. सत्तावीस मिनिटं. साठावर काटा. हे गणित कुठल्याच बाजूने जुळत नव्हतं.

त्यांनी माझ्या पाठीवरच्या स्क्रूंवर अंगठा फिरवला. गॅरेजमधला पेचकस स्क्रूचं तोंड खरवडून ठेवतो. माझे स्क्रू तीनदा उघडूनही आरशासारखे स्वच्छ होते. असा हात त्यांच्या ओळखीत एकाचाच होता. परतीच्या वाटेवर त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

दुकानासमोर गाडी लावून त्यांनी मला हँडलवरून काढलं. आत एक गिऱ्हाईक होतं. ते जाईपर्यंत त्या मला हातात घेऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी मला टेबलावर, भिंगाशेजारी ठेवलं.

"यात तुम्ही काहीतरी केलंत."

घड्याळजींनी मान हलवली. "काच बदलली तेव्हा."

"आणि नंतर?"

"अजून दोनदा."

नर्सबाई ओरडल्या नाहीत. दुपारी काय झालं ते त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. "टेम्पो दारात होता आणि मी तिला हलवू दिलं नाही. मी बावीस मिनिटं म्हणाले आणि लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला. पाच मिनिटं उशीर झाला. आणखी दोन मिनिटं झाली असती तर ते पोर गेलं असतं." घड्याळजींनी डोळ्याचं भिंग काढून ठेवलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मी हळू जावं असं वाटत होतं, तर मला सांगायचं होतंत," नर्सबाई म्हणाल्या. "या काट्याला काय सांगत बसलात?"

बराच वेळ फक्त घड्याळं बोलत होती. मग ते म्हणाले, "तू ऐकलं नसतंस."

"नसतं ऐकलं. पण तुम्ही घाबरता, एवढं तरी मला कळलं असतं."

मी घड्याळजींच्या हाताशी होतो. एक थेंब माझ्या नव्या काचेवर पडला आणि त्यांनी तो घाईघाईने अंगठ्याने पुसला, जणू यंत्रात पाणी जाईल याचीच त्यांना धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं मला पुन्हा गाडीवर बसवून सरळ रस्त्यावर घेऊन गेले. तिथे प्रत्येक किलोमीटरला दगड होता. बायको पडल्यापासून घड्याळजी मोटरसायकलवर बसले नव्हते. आज ते मागे बसले, एका हातात थांबघड्याळ, दुसरा हात बायकोच्या खांद्यावर. नर्सबाईंनी काटा साठावर धरला. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत.

"ऐंशी सेकंद," ते हळूच म्हणाले. आकडा वाचताना त्यांची मान खाली होती.

झाडाखाली थांबून त्यांनी मला उघडलं, कमान घट्ट केली, पुन्हा फेरी. बहात्तर. पुन्हा थांबले, पुन्हा उघडलं. सहासष्ट. पुढे चौसष्ट आले. घड्याळजी म्हणाले की अजून थोडं घट्ट करतो, म्हणजे बरोबर साठ सेकंद येतील, अगदी खरं. नर्सबाईंनी त्यांचा हात धरला. एवढं राहू द्या, त्या म्हणाल्या. कारखान्यातून आला तेव्हा तो एवढंच वाढवून सांगत होता. "ती काळजी सगळ्यांना माहीत असलेली आहे. तिने काही बिघडत नाही."

मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. वर्षभर मी दुसऱ्याचं गुपित पोटात घेऊन फिरत होतो.

मला वाटलं, आता घरी जायचं. पण नर्सबाईंनी रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. "नऊ वर्षांत ही गाडी जास्तीत जास्त किती पळते हे मी कधी बघितलंच नाही," त्या म्हणाल्या, "आज तुमच्याकडे घड्याळ आहे." नर्सबाईंनी दुसरा गिअर, तिसरा, चौथा असं करत मूठ शेवटपर्यंत पिळली. सत्तर. ऐंशी. सगळं अंग थरथरत होतं. नव्वद. दगड मागे पडला आणि थांबघड्याळ सुरू झालं. काटा शंभराच्या रेघेला टेकला आणि तिथेच धापा टाकत उभा राहिला. त्यापुढे इंजिनात काही उरलं नव्हतं. पुढचा दगड आला, गेला. घड्याळ टिचकी वाजून थांबलं.

घड्याळजींनी आकडा सांगितला नाही. ते बायकोच्या कानाशी वाकले.

"पुरे," ते म्हणाले. "मला भीती वाटते."

नर्सबाईंनी लगेच मूठ सोडली. माझा काटा खाली आला, ऐंशी, साठ, चाळीस, आणि रस्त्याच्या कडेला शून्यावर टेकला. इंजिन बंद करून त्या तशाच पुढे बघत बसल्या. खांद्यावरच्या त्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला होता. मग त्यांनी विचारलं, किती?

"एकोणचाळीस सेकंद. म्हणजे खरे ब्याण्णव."

"म्हणजे शंभराला हा आठ वाढवून सांगतो," असं म्हणून त्या हसल्या, आणि मग त्यांना रडू आलं. घड्याळजी खाली उतरले आणि गाडी धरून उभे राहिले, ती कलंडू नये म्हणून.

त्यानंतर पंधरा वर्षं मी त्या गाडीवर होतो. रोज सकाळी घड्याळजी दारापर्यंत यायचे आणि म्हणायचे, "सावकाश जा." सुरुवातीला हे दोन शब्द म्हणताना त्यांना लाज वाटायची, मग सवय झाली. नर्सबाई दर वेळी ऐकायच्या असं नाही. फोन घाईचा असला तर काटा साठावरच जायचा. पण साध्या दिवशी तो पन्नासाशी रमायचा. वळण आलं की त्या आधीच मूठ सोडायच्या, आणि तिथे खडी असो वा नसो, मला त्या वळणावर दारातला तो आवाज आठवायचा. त्यांनाही आठवत असणार.

पुढे त्या निवृत्त झाल्या. दवाखान्याने नव्या गाड्या घेतल्या, त्यांच्यावर दिव्यांच्या आकड्यांचे मीटर. माझी मोटरसायकल मेकॅनिककडे आली. तिचं इंजिन एकीकडे गेलं, चाकं दुसरीकडे, आणि मी या डब्यात. धूळ काचेच्या आत शिरली. तबकडीवरचा रंग उडाला. कितीतरी वर्षं मला कुणी उघडलं नाही, तार जिला जोडतात त्या पोटाखालच्या दांडीला तेलाचा थेंब मिळाला नाही. तरुण पोरं गॅरेजमध्ये येऊन आपल्या गाड्यांचे आकडे सांगतात, एकशे वीस, एकशे तीस, आणि मी डब्यात पडून मनात त्यातले दहा-बारा वजा करत बसतो.

मागच्या महिन्यात एक वयस्क गृहस्थ आले. भिंतीवरच्या घड्याळासाठी बारीक स्क्रू हवा होता. मेकॅनिकने डबा पुढे केला. ते चिमटीने एकेक वस्तू बाजूला करत होते आणि त्यांचा हात माझ्यावर येऊन थांबला. आता तो हात कापत होता. त्यांनी मला उलटं केलं, पाठीवरचे स्क्रू पाहिले. मग माझ्या पोटाखालची दांडी दोन बोटांत धरून फिरवली. काटा जरासा उठला आणि परत शून्यावर आला.

मेकॅनिकने विचारलं, घेऊन जाता का? ते नको म्हणाले. फक्त खिशातल्या मऊ फडक्याने त्यांनी माझी काच पुसली आणि मला डब्यात सगळ्यात वर ठेवलं. मग स्क्रू घेऊन ते दाराकडे वळले. बाहेर बाकावर पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"अहो, सावकाश," त्या म्हणाल्या. "तिथे पायरी आहे."

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं तुमच्या घरातही असतील. त्यांना वेळेवर तेल द्या, काच पुसा, ती किती वाढवून सांगतात हे एकदा तपासून घ्या, म्हणजे ती तुम्हाला जन्मभर साथ देतील. पण घरातलं माणूस बाहेर निघालं आणि तुम्हाला भीती वाटली, तर ती आमच्यावर सोपवू नका. आम्ही फक्त वेग दाखवतो. दारापर्यंत तुम्हालाच जायला हवं.